आठ प्रकाशकण



शेवाळापासून डिझेल मिळणार, ही बातमी आपण गेल्या वीस वर्षांत अनेकदा वाचली आहे. आज मला त्या बातमीच्या मागे जायचं आहे, थेट 1920 च्या दशकातल्या बर्लिनपर्यंत. तिथल्या एका प्रयोगशाळेत एक प्रश्न विचारला गेला: ऑक्सिजनचा एक रेणू बाहेर टाकायला हिरव्या पेशीला प्रकाशाचे किती कण लागतात? एक उत्तर आलं चार. पुढे दुसरं उत्तर आलं, निदान आठ. या दोन आकड्यांवरून तीस वर्षं वाद चालला. शेवाळाच्या तळ्यातून जास्तीत जास्त किती इंधन निघू शकतं, हे खरं म्हणजे त्या वादातच ठरून गेलं होतं. ज्या माणसाने 'आठ' हा आकडा चिकाटीने मोजला, त्या रॉबर्ट एमर्सनचं नाव आपल्याकडे बी.एस्सी.च्या पुस्तकात 'एमर्सन परिणाम' म्हणून दोन ओळींत येतं आणि संपतं. मी वनस्पतिशास्त्र शिकवलं, आणि ते दोन ओळींत संपतं याचं मला फार वाईट वाटत आलं आहे. ज्या शिक्षकांच्या स्मृतीला हे व्याख्यान वाहिलेलं आहे, त्यांच्याकडूनच मी ते नाव पहिल्यांदा ऐकलं. म्हणून आज हा विषय.

एमर्सनचा जन्म 1903 चा, न्यूयॉर्कचा. हार्वर्डमध्ये शिकून तो बर्लिनला ऑटो वारबुर्ग यांच्याकडे गेला आणि 1927 मध्ये तिथे त्याने डॉक्टरेट मिळवली. वारबुर्ग म्हणजे त्या काळच्या जीवरसायनशास्त्रातला सर्वांत दबदब्याचा माणूस. 1931 चं नोबेल पारितोषिक त्यांना श्वसनावरच्या कामासाठी मिळालं. क्लोरेला नावाचं एकपेशीय हिरवं शेवाळ प्रकाशसंश्लेषणाच्या अभ्यासात रुळवलं तेही त्यांनीच. क्लोरेलाची पेशी काही मायक्रॉनची. पाण्यात ती एकसारखी पसरते, सगळ्या पेशींना सारखा प्रकाश देता येतो, आणि झाडासारखी मुळं, देठ, पर्णरंध्रं यांची भानगड नसते. बंद भांड्यात क्लोरेलाचं पाणी घ्यायचं, त्यावर मोजून मापून प्रकाश टाकायचा आणि वायूचा दाब किती बदलला ते काचेच्या नळीत वाचायचं, ही वारबुर्ग यांची पद्धत. याच पद्धतीने त्यांनी 1922-23 च्या सुमारास सांगितलं की एका ऑक्सिजन रेणूला साधारण चार प्रकाशकण पुरतात.

चार या आकड्याचा अर्थ काय? लाल प्रकाशाचे चार कण जेवढी ऊर्जा आणतात, तिच्यापैकी जवळजवळ दोन तृतीयांश ऊर्जा अन्नात साठवली जाते. इतकं चोख यंत्र माणसाने कधी बनवलं नव्हतं. वारबुर्ग यांना त्यात काही खटकलं नाही. निसर्ग परिपूर्ण आहे, तेव्हा त्याचं हे कामही परिपूर्णच असणार, अशी त्यांची ठाम धारणा होती.

एमर्सन अमेरिकेत परतला आणि 1930 मध्ये कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत, टी. एच. मॉर्गन यांच्या जीवशास्त्र विभागात रुजू झाला. तिथे विल्यम अर्नोल्ड नावाच्या विद्यार्थ्याबरोबर त्याने 1932 मध्ये एक प्रयोग केला. माझ्या मते विसाव्या शतकातल्या सर्वांत सुंदर प्रयोगांपैकी तो एक आहे. निऑनच्या नळीतून त्यांनी क्लोरेलावर प्रकाशाचे अतिशय छोटे, सेकंदाच्या सुमारे एक लक्षांश भागाइतके, पण झगझगीत झोत सोडले. झोत इतका तीव्र की प्रत्येक हरितद्रव्य रेणूला प्रकाश मिळावा. मग हिशेब केला: एका झोतात ऑक्सिजनचे रेणू किती निघाले आणि पेशींत हरितद्रव्याचे रेणू किती होते? जितके हरितद्रव्याचे रेणू, साधारण त्या प्रमाणात ऑक्सिजन निघावा अशी कोणाचीही अपेक्षा असती. प्रत्यक्षात हरितद्रव्याच्या सुमारे 2,400 रेणूंमागे ऑक्सिजनचा एक रेणू निघाला.

म्हणजे हे हजारो रेणू स्वतः रसायन घडवत नव्हते. ते फक्त प्रकाश गोळा करून एका ठिकाणी पोहोचवत होते, आणि खरं काम त्या मोजक्या केंद्रांत होत होतं. मोठ्या छपरावर पडलेलं पावसाचं पाणी पन्हाळीतून एका हंड्यात यावं, तसं हे आहे. ही उपमा लक्षात ठेवा, कारण इंधनाच्या गोष्टीत हेच छप्पर आपल्याला पुढे नडणार आहे.

1938 नंतर एमर्सन आणि चार्ल्टन लुइस यांनी गुरूच्या चार या आकड्याची फेरतपासणी सुरू केली. उत्तर जुळेना. शोधता शोधता त्यांना दिसलं की अंधारातल्या शेवाळावर प्रकाश पडताच पहिली काही मिनिटं ते कार्बन डायऑक्साइडही बाहेर टाकतं. दाबाची नळी फक्त दाब सांगते, वायू कोणता हे ती सांगत नाही. थोडा वेळ उजेड, थोडा वेळ अंधार अशा वारबुर्ग यांच्या मोजणीत हा जादाचा वायू ऑक्सिजनच्या खात्यावर जमा होत होता. तो वगळला की आकडा आठ ते बाराच्या घरात जातो. यातलं नळीतल्या द्रवाची पातळी दुर्बिणीतून मिलिमीटरच्या अंशापर्यंत वाचण्याचं काम किती किचकट असेल, हे ज्यांनी मॅनोमीटर हाताळला आहे त्यांनाच कळेल.

याच मोजण्यांतून एक विचित्र गोष्ट पुढे आली. 680 नॅनोमीटरच्या पलीकडचा गडद लाल प्रकाश हरितद्रव्य शोषून तर घेतं, पण त्यावर ऑक्सिजनचं उत्पादन एकदम कोसळतं. 1943 मध्ये एमर्सन आणि लुइस यांनी हे प्रसिद्ध केलं. कारण मात्र त्यांना सांगता आलं नाही, आणि त्यांनी ते ओढूनताणून सांगितलंही नाही.

दरम्यान युद्ध आलं. फेब्रुवारी 1942 मध्ये अमेरिकी सरकारच्या हुकमाने पश्चिम किनाऱ्यावरच्या जपानी वंशाच्या सव्वा लाखाच्या आसपास लोकांना घरातून उठवून छावण्यांत डांबलं. त्यांतले बहुसंख्य अमेरिकेचे नागरिक होते. कॅलिफोर्नियाच्या वाळवंटी खोऱ्यातल्या मांझानार छावणीत सुमारे दहा हजार माणसं काटेरी तारेच्या आत होती. त्याच वेळी जपानने मलाया घेतल्यामुळे अमेरिकेचा रबराचा पुरवठा तुटला होता. एमर्सनने या दोन गोष्टी जोडल्या. छावणीत रसायनतज्ज्ञ होते, रोपवाटिकांत आयुष्य घालवलेली माणसं होती. त्यांना बरोबर घेऊन त्याने ग्वायुले या वाळवंटी झुडपापासून रबर काढण्याचं संशोधन उभं केलं. साधनं जुजबी होती. तरी तिथल्या लोकांनी ग्वायुलेच्या कलमांपासून रोपं तयार केली आणि उत्तम प्रतीचं रबर काढून दाखवलं. ज्यांना देश शत्रू म्हणत होता, त्यांना त्याने सहसंशोधक मानलं. विज्ञानाच्या इतिहासात या कामाला फारशी जागा मिळालेली नाही. मला ते त्याच्या दोन्ही गाजलेल्या शोधांइतकंच मोठं वाटतं. आणि आजच्या विषयाशी त्याचं नातंही आहे: सूर्याच्या उजेडावर वनस्पतीने बांधलेला हायड्रोकार्बन माणसाच्या कामी आणणं, हेच तर ते होतं.

युद्धानंतर एमर्सन इलिनॉय विद्यापीठात, अर्बाना इथे गेला. 1948 मध्ये त्याने वारबुर्ग यांनाच तिथे बोलावलं. दोघांनी एकाच प्रयोगशाळेत, एकाच शेवाळावर मोजावं आणि वाद मिटवावा, एवढीच त्याची इच्छा होती. वारबुर्ग काही महिने राहिले. वाद मिटला नाही, उलट संबंध बिघडले. वारबुर्ग 1970 मध्ये वारले, तोपर्यंत त्यांनी आपला आकडा सोडला नाही.

1957 मध्ये एमर्सन, रूथ चाल्मर्स आणि कार्ल सेडरस्ट्रँड यांनी त्या गडद लाल प्रकाशाचं कोडं पुन्हा हाती घेतलं. एकट्या गडद लाल प्रकाशावर काम कोसळतं ना? मग त्याच्या जोडीला थोडा कमी लांबीच्या लहरींचा प्रकाश देऊन पाहिला. दोन्ही एकत्र दिल्यावर मिळालेला ऑक्सिजन, दोन्ही वेगवेगळे देऊन मिळालेल्या बेरजेपेक्षा जास्त भरला. हाच तो पुस्तकातला 'एमर्सन परिणाम'. म्हणजे पेशीत प्रकाशाची एक नव्हे, दोन यंत्रं होती आणि ती एकापुढे एक जोडलेली होती. 1960 मध्ये रॉबिन हिल आणि फे बेंडॉल यांनी या दोन यंत्रांची साखळी मांडली, आणि आठ हा आकडा आपोआप उलगडला. पाण्याच्या दोन रेणूंतून ऑक्सिजनचा एक रेणू सुटताना चार इलेक्ट्रॉन निघतात. प्रत्येक इलेक्ट्रॉनला दोनदा वर उचलावं लागतं. चार दुणे आठ.

ही मांडणी एमर्सनला वाचायला मिळाली नाही. 3 फेब्रुवारी 1959 च्या रात्री शिकागोहून न्यूयॉर्कला जाणारं विमान उतरता उतरता ईस्ट रिव्हरमध्ये कोसळलं. 65 माणसं गेली, त्यांत तो होता. वय 55.

त्याच्या प्रयोगशाळेत तेव्हा अलाहाबादहून आलेलं एक तरुण जोडपं शिकत होतं, गोविंदजी आणि रजनी गोविंदजी. मार्गदर्शक असा अचानक गेल्यावर युजीन राबिनोविच यांनी त्यांना आपल्याकडे घेतलं आणि दोघांची डॉक्टरेट पुरी झाली. गोविंदजी पुढे प्रकाशसंश्लेषणाच्या अभ्यासातलं जगन्मान्य नाव झालं. पण मला आज रजनी गोविंदजींच्या एका कामाचा आवर्जून उल्लेख करायचा आहे. वारबुर्ग यांचा आक्षेप असा होता की आपण सांगितलेल्या खास परिस्थितीत, म्हणजे भरपूर कार्बन डायऑक्साइड आणि कोवळ्या पेशी घेऊन, विरोधकांनी मोजलंच नाही. रजनी गोविंदजी आणि सहकाऱ्यांनी नेमकी ती परिस्थिती उभी केली, मोजलं आणि 1968 मध्ये निष्कर्ष छापला: आठ ते बारा. गुरू-शिष्यांच्या त्या वादावर पडदा पाडणाऱ्या मोजणीत एका भारतीय स्त्रीचा हात होता, हे आपल्या मुलींना शाळेत सांगायला हवं.

आता आपण इंधनाकडे येऊ. आठ प्रकाशकण म्हटल्यावर लाल प्रकाशातली फार तर एक तृतीयांश ऊर्जा साठते. पण सूर्य काही फक्त लाल प्रकाश देत नाही. त्याच्या ऊर्जेतला निम्म्याहून थोडा कमी भागच हरितद्रव्याच्या उपयोगाचा, आणि निळ्या कणातली जादा ऊर्जा उष्णता होऊन जाते. सगळं मनासारखं जमलं तरी 100 भाग सूर्यप्रकाशातले 10-12 भाग हाती लागतील, आणि त्यातूनही पेशीचं स्वतःचं श्वसन वजा व्हायचं. वारबुर्ग बरोबर असते तर हे दुप्पट झालं असतं. ते बरोबर नव्हते. तेव्हा शेवाळाच्या तेलाचे कागदावरचे मोठमोठे आकडे पाहताना मी पहिल्यांदा हेच तपासते, की हा आकडा एमर्सनच्या मर्यादेत बसतो का?

आपल्याकडचं गणित करून पाहू. आपल्या भागात एका चौरस मीटरवर दिवसाला सरासरी 20 मेगाज्यूलच्या आसपास सूर्यऊर्जा पडते, आणि एक किलो वाळलेल्या शेवाळात साधारण तेवढीच ऊर्जा असते. म्हणजे 10 टक्के कार्यक्षमतेला चौरस मीटरमागे रोज 100 ग्रॅम शेवाळ. उघड्या तळ्यांत वर्षभर टिकणारं उत्पादन मात्र 10 ते 20 ग्रॅम असतं, म्हणजे एक-दोन टक्के.

मधले 80 ग्रॅम कुठे गेले? बरेचसे त्या छपरामुळे. क्लोरेलासारख्या पेशीत प्रकाश गोळा करणारं छप्पर प्रचंड मोठं असतं. अंधूक उजेडात, दाटीवाटीत जगताना ते फार उपयोगी. पण भर दुपारच्या उन्हात ते इतका प्रकाश गोळा करतं की हंडा केव्हाच भरून वाहू लागतो. जादा प्रकाश पेशी उष्णता करून टाकून देते. वरच्या थरातल्या पेशी असा प्रकाश वाया घालवतात आणि खालच्या थरातल्या अंधारात उपाशी राहतात. 1932 सालच्या त्या 2,400 च्या आकड्याचा हा व्यावहारिक अर्थ. बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातले आनास्तासिओस मेलिस यांनी यावरच आयुष्यभर काम केलं. छप्पर लहान असलेले शेवाळाचे वाण त्यांनी निवडले, ज्यांच्यातून प्रकाश खालपर्यंत झिरपतो. रानात अशी पेशी शेजारणींपुढे टिकणार नाही, कारण ती शेजारणीला उजेड देते. माणसाच्या तळ्यात मात्र हाच गुण मोलाचा. मेलिस यांनीच 2000 साली मारिया घिरार्डी आणि इतर सहकाऱ्यांबरोबर दाखवलं की शेवाळाचं गंधक तोडलं की ते काही दिवस हायड्रोजन वायू देत राहतं.

तेलाचा मोठा सरकारी प्रयत्न अमेरिकेने केला. 1978 ते 1996, सुमारे अडीच कोटी डॉलर, तीन हजारांच्या आसपास शेवाळाचे नमुने, त्यांतून निवडलेले तीनशे. न्यू मेक्सिकोतल्या रॉसवेल इथे हजार-हजार चौरस मीटरची तळी बांधली. एखाद्या दिवशी 50 ग्रॅमपर्यंत उत्पादन गेलंही, पण वाळवंटातल्या थंड रात्रींनी सरासरी खाली ओढली. प्रयोगशाळेतून आणलेल्या वाणांना तिथलं स्थानिक शेवाळ हुसकावून लावायचं, ती वेगळी डोकेदुखी. आणि सर्वांत मोठी अडचण पेशीच्या स्वभावातली होती. नत्र तोडलं की शेवाळ तेल साठवतं, पण त्याच वेळी त्याची वाढ थांबते. टक्केवारी वाढते, एकूण तेल वाढत नाही. 2009 मध्ये एक्सॉन कंपनीने सिंथेटिक जिनोमिक्सबरोबर 60 कोटी डॉलरपर्यंत खर्चाची घोषणा केली. 2017 मध्ये त्यांच्या संशोधकांनी एका सागरी शेवाळातलं तेल वाढ फारशी न घटवता दुप्पट केलं. हे शास्त्र म्हणून मोठं यश होतं. तरी 2023 च्या सुरुवातीला एक्सॉन या कामातून बाहेर पडली.

आपल्याकडे मोगली एरंडाचं काय झालं, ते इथल्या शेतकऱ्यांना सांगायला नको. 2009 च्या राष्ट्रीय धोरणाने 2017 पर्यंत 20 टक्के जैवइंधन मिसळण्याचं उद्दिष्ट ठेवलं होतं. माळरानावर पाण्याखताविना तेल पिकेल, या आशेवर रोपं लावली गेली. झाड जगलं, बी धरलं नाही. शेवाळाच्या बाबतीत तीच आशा पुन्हा कोणी दाखवू नये म्हणून मला खताचा हिशेब मांडायचा आहे.

एक हेक्टर तळं, रोज चौरस मीटरला 20 ग्रॅम, वर्षाचे 300 दिवस: 60 टन शेवाळ. चौथा हिस्सा तेल धरलं तर 15 टन, कुठल्याही तेलबियांपेक्षा कितीतरी जास्त. पण शेवाळात 5 टक्के नत्र धरलं तरी त्या 60 टनांना 3 टन नत्र लागतं, म्हणजे साडेसहा टन युरिया. आपल्या आडसाली उसाला हेक्टरी 400 किलो नत्राची शिफारस असते, त्याच्या हे साडेसातपट झालं. उन्हात दिवसाला 5 मिलिमीटर पाणी उडालं, तर हेक्टरमागे रोज 50 हजार लिटर. शिवाय लिटरमागे अर्धा ग्रॅम शेवाळ असलेल्या पाण्यातून एक किलो शेवाळ वेगळं करायला दोन हजार लिटर पाणी उपसून गाळायचं. विकत घेतलेल्या युरियावर आणि धरणाच्या पाण्यावर शेवाळ वाढवून डिझेल करणं, हा महाराष्ट्रासाठी तोट्याचा धंदा आहे. हे मी पूर्ण जबाबदारीने म्हणते.

नत्र आणि पाणी दोन्ही जिथे आपण फेकून देतो, तिथे मात्र हिशेब पालटतो. कॅलिफोर्नियाचे विल्यम ऑस्वल्ड यांनी 1950 च्या दशकापासून हेच सांगितलं: सांडपाण्याच्या उथळ तळ्यांत शेवाळ वाढवा. ते जिवाणूंना ऑक्सिजन देईल, नत्र-स्फुरद उचलेल, आणि मग ते कुजवून मिथेन घ्या. इथे एकाच शुद्ध वाणाचा हट्ट नाही, तेल काढायची खटपट नाही, वाळवायची गरज नाही. शुद्ध वाण हवाच असेल तर पाणी इतरांना न सोसणारं असावं लागतं. लोणारच्या सरोवरात तसं घडलेलं आपण पाहतो. तिथल्या खाऱ्या-सोड्याच्या पाण्यात आर्थ्रोस्पायरा, म्हणजे बाजारात स्पिरुलिना म्हणून मिळणारा जीव, जोमाने वाढतो.

दहा हजार वस्तीचं गाव घ्या. माणशी रोज 10 ग्रॅम नत्र सांडपाण्यात जातं, म्हणजे गावाचं 100 किलो. तेल साठवायला नत्र तोडलेल्या शेवाळाला 5 टक्के पुरतं, पण सांडपाण्यातल्या पोसलेल्या शेवाळात नत्र 7 टक्के धरावं लागेल. तरी त्या 100 किलोवर दिवसाला सुमारे 1.4 टन शेवाळ उभं राहू शकतं. किलोमागे पाव घनमीटर मिथेन धरला तर साधारण 350 घनमीटर, म्हणजे घरगुती गॅसच्या 19 सिलिंडरांइतकी ऊर्जा. यातली काही तळी ढवळायला आणि पंपाला जाईल. गावाच्या सगळ्या चुली त्यावर पेटणार नाहीत. पण कुजवून उरलेल्या रबडीत नत्र-स्फुरद शिल्लक राहतं, ते शेताला जातं, आणि नदीत सोडलं जाणारं पाणी आजच्यापेक्षा खूप स्वच्छ असतं. नदीसाठी एवढं मिळालं तरी मी हे काम करावं म्हणेन, गॅस मोजायच्या आधीच.

यासाठी सात हेक्टर सपाट जागा लागेल, कारण 20 ग्रॅमच्या पुढे आज आपल्याला जाता येत नाही. पावसाळ्यातल्या ढगाळ महिन्यांत ती तळी किती चालतील, हे घाटमाथ्यावर वेगळं आणि मराठवाड्यात वेगळं असणार, आणि ते तिथेच मोजावं लागेल. त्यासाठी मोठी प्रयोगशाळा लागत नाही. तालुक्याच्या कॉलेजात विरघळलेला ऑक्सिजन मोजता येतो, शेवाळ गाळून, वाळवून तोलता येतं. या सभागृहात प्राध्यापक आहेत, नगरसेवक आहेत, विद्यार्थी आहेत. दोनशे चौरस मीटरचं एक तळं आपल्या सांडपाण्यावर वर्षभर चालवून त्याचे रोजचे आकडे ठेवायला कोण तयार आहे, हे मला प्रश्नोत्तरांच्या वेळेत ऐकायचं आहे.